फिजीच्या गावात बारा दिवस: निघण्याआधी बदलायच्या काही गोष्टी

सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातले चौदा जण बारा दिवसांसाठी फिजीला निघालेत. विती लेवू बेटाच्या उत्तरेला, रा प्रांतातल्या एका मेथडिस्ट मंडळीने बोलावलंय. तुमच्यात एक एमबीबीएस डॉक्टर आणि दोन नर्सेस आहेत. दोन दिवस मेडिकल कॅम्प, चार दिवस मुलांची व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, आणि रोज संध्याकाळी सुवार्ता सभा असं ठरलंय. जायचं नाताळच्या सुट्टीत. सोबत काय न्यायचं, काय टाळायचं, आणि ‘एवढ्या पैशात मेळघाटात काय काय झालं असतं’ असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना काय उत्तर द्यायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी मूळची नगरची. गेली बरीच वर्षं ऑकलंडला इस्पितळात नर्स आहे. इथल्या मंडळीबरोबर फिजीच्या खेड्यांत सात वेळा गेले, त्यातल्या चार वेळी सगळ्यांना नेण्या-आणण्याची जबाबदारी माझ्यावर होती. पहिल्या दोन खेपांना मी जे घोळ घातले, त्यातूनच हे उत्तर आलंय.

आधी तारीख बदला. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथे चक्रीवादळांचा मोसम. २० फेब्रुवारी २०१६ला विन्स्टन वादळ ह्याच रा प्रांतावरून गेलं. देशभरात ४४ माणसं गेली. तिथल्या राकीराकी शहराचा पेनांग साखर कारखाना तेव्हा मोडला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. वादळ आलं तर तुम्ही चौदा जण त्या गावाच्या डोक्यावर चौदा तोंडांचं ओझं होणार. ऑगस्टही नको. मेथडिस्टांचं वार्षिक अधिवेशन आणि गायनाच्या स्पर्धा तेव्हा असतात, अर्धं गाव तिकडे गेलेलं असतं. आपली मे-जूनची सुट्टी सगळ्यात सोयीची. मुंबईहून थेट विमान नाही. सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून जा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर भारतीय पासपोर्टला लागणाऱ्या ट्रान्झिट व्हिसाचा खर्च आणि कटकट आधी हिशेबात धरा.

आता सुवार्ता सभा. त्या काढून टाका.

विल्यम क्रॉस आणि डेव्हिड कारगिल हे वेस्लियन, म्हणजे मेथडिस्ट, मिशनरी लाकेम्बा बेटावर उतरले ते १२ ऑक्टोबर १८३५ला. त्यांच्याही पाच वर्षं आधी ताहितीचे बेटकरी शिक्षक तिकडे येऊन राहिले होते. आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं १८३१ साली. म्हणजे ती मंडळी आणि आपली मंडळी एका वयाच्या. १८५४मध्ये दाकोम्बाऊ हा मोठा सरदार ख्रिस्ती झाला आणि त्याच्यामागोमाग गावंच्या गावं वळली. आज रविवारी पहाटे लाली, म्हणजे लाकडी ढोल, वाजते, त्या ठोक्यावर सगळं गाव उठतं. बायका केस विंचरून, पुरुष कडक इस्त्रीचा, लुंगीसारखा सुलु नेसून उपासनेला जातात, दुपारी परत जातात. आपल्या किती घरांत आता रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना होते? तिथे होते. अशा गावात उभं राहून ‘येशू तुमच्यावर प्रीती करतो, हे तुम्हाला माहीत आहे का?’ असं विचारणं म्हणजे पंढरपुरात वारकऱ्याला विठ्ठल कोण ते समजावून सांगणं. लोक हसणार नाहीत, फार सभ्य आहेत. मान डोलावून ऐकतील, शेवटी ‘विनाका’, म्हणजे धन्यवाद, म्हणतील, आणि तुम्हाला वाटेल सभा छान झाली.

मग कुणाला तरी सुचेलच की गावाबाहेर उसाच्या मळ्यांत हिंदू वस्ती आहे, आपल्याला हिंदी येतं, तिकडे जाऊया. इथे थांबा आणि नीट ऐका.

१८७९ ते १९१६ ह्या काळात साठ हजारांवर हिंदुस्थानी माणसं करारावर, म्हणजे ‘गिरमिटा’वर, फिजीच्या उसात आणली गेली. पहिलं जहाज ‘लिओनिडास’, १४ मे १८७९. आधी कलकत्त्याहून, पुढे मद्रासहूनही. कलकत्त्याहून गेलेले बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे, म्हणून त्यांची फिजी हिंदी भोजपुरी-अवधीच्या वळणाची आहे. मराठी कानाला ती अर्धी कळते आणि अर्धी गोड वाटते. १९८७च्या लष्करी उठावानंतर ह्यातली हजारो कुटुंबं देश सोडून गेली. त्या उठावाला मेथडिस्ट मंडळीतल्या बऱ्याच जणांचा पाठिंबा होता, रविवारी कामधंद्याला बंदी घालणारा हुकूमही त्याच वर्षी निघाला. १४ मे २०२३ला राजधानी सुवातल्या जाहीर उपासनेत सितिवेनी राबुकांनी, म्हणजे ज्यांनी तो उठाव केला आणि जे २०२२च्या अखेरीस पुन्हा पंतप्रधान झाले त्यांनी, ह्या हिंदुस्थानी वंशाच्या लोकांची माफी मागितली. मेथडिस्ट मंडळीनेही समेटाचं काम हाती घेतलं. तेव्हा तुम्ही, चेहऱ्याने ‘काइ इंदिया’, म्हणजे हिंदुस्थानी, आणि मेथडिस्टांचे पाहुणे, पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्या शेतकऱ्याच्या अंगणात शिरलात, तर त्याला जे आठवेल ते तुमच्या बापजन्मी तुमच्या लक्षात येणार नाही.

उलट अनुभव सांगते. आमच्या चौथ्या खेपेला राकीराकीच्या बाजारात भेंडी विकणाऱ्या एका बाईंनी मला हटकलं, “कहाँ के?” मी महाराष्ट्र म्हटलं. ते त्यांना लागलं नाही, मुंबई म्हटल्यावर लागलं. कुठे उतरलात विचारलं. मूळ फिजीयन लोकांच्या गावाचं नाव ऐकून त्या गप्प झाल्या. तीस वर्षं त्या गावाशेजारी राहून कधी आत गेल्या नव्हत्या. मी गावातल्या दोघींना विचारलं, त्यांनी तलातलांना, म्हणजे पाळकांना, विचारलं, आणि शनिवारी त्या बाई सुनेला घेऊन चहाला आल्या. सोबत डबाभर पुऱ्या. कुणी कुणाला उपदेश केला नाही. त्या खेपेचं माझ्या मते तेवढंच काम झालं, बाकी रंगरंगोटी.

तेव्हा तुमच्या संध्याकाळी मोकळ्या ठेवा. त्या भरतीलच, यंगोनाने, म्हणजे तिथल्या मुळ्यांच्या पेयाने.

गावात पाऊल टाकल्यावर पहिली गोष्ट सेवुसेवु, म्हणजे गावात यायची परवानगी मागायचा विधी. नांदीच्या बाजारातून यंगोनाच्या मुळ्यांची एक जुडी घ्या, अर्धा ते एक किलोची, वर्तमानपत्रात गुंडाळून फितीने बांधून देतात. (हो, नांदी. लिहितात एन-ए-डी-आय, पण त्यांच्या लिपीत ‘डी’च्या आधी ‘न’ आणि ‘बी’च्या आधी ‘म’ गृहीत असतो. ‘सी’ म्हणजे जीभ दातांत धरून ‘द’. ही पद्धत त्या कारगिलसाहेबाची. नाटकाआधी नांदी, तशी फिजीआधी नांदी, असं लक्षात ठेवा.) तुमच्या वतीने बोलायला गावातला एक माणूस असतो. तुम्ही गुमान मांडी घालून चटईवर बसायचं, जुडी पुढे ठेवायची. तो बरंच बोलतो, मग सरदाराच्या बाजूचा माणूस ती जुडी उचलतो. उचलली की तुम्ही गावचे. त्याआधी घरोघर फिरणं, फोटो काढणं, मुलांना चॉकलेटं वाटणं, काही नाही. डोक्यावर टोपी नको, गॉगल नको, पिशवी खांद्याला न अडकवता हातात धरा. बसलेल्या माणसांमधून जायचं झालं तर वाकून, ‘तुलोऊ’ म्हणत.

मग मुळ्यांची भुकटी पाण्यात कालवून तानोआत, म्हणजे चार पायांच्या लाकडी परातीत, गाळतात. करवंटी समोर आली की एकदा टाळी, एका दमात पिणं, मग तीन टाळ्या. चव मातीची, जरा मिरमिरीत. जीभ आणि ओठ थोडे बधिर होतात. आमच्या पहिल्या चमूत एक काका हटून बसले, ‘ही नशा आहे, मी शिवणार नाही’. ही दारू नाही, आंबवलेलीही नाही. मेथडिस्ट तलातला स्वतः पितात. काही पंथांत मात्र वर्ज्य आहे, त्यामुळे ज्याला खरंच नको त्याला कुणी जबरदस्ती करत नाही. पहिली करवंटी हातात घेऊन ओठाला लावली तरी मान राखला जातो. काकांनी हात मागे घेतला, तो सरदारासमोर. पुढचे दोन दिवस आम्हाला कळेना की सगळे इतके अदबीने आणि इतक्या लांबून का वागतायत.

आणि डोकं. आपल्याकडे पाळक लेकराच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, आपणही येता-जाता मुलांचे केस विस्कटतो. तिथे डोकं, विशेषतः मोठ्यांचं, परक्याने शिवायचं नसतं. १८६७च्या जुलैमध्ये नाम्बुताउताउ गावी रेव्हरंड थॉमस बेकर आणि त्यांच्याबरोबरचे सात फिजीयन ख्रिस्ती मारले गेले. लोककथा सांगते की बेकरने सरदाराच्या केसातला कंगवा काढून घेतला होता. इतिहासकार त्यामागे त्या काळचं राजकारण दाखवतात. पण कथा अजून सांगितली जाते, ती कंगव्याचीच. बेकरच्या बुटाचे तळवे सुवाच्या संग्रहालयात ठेवलेत. २००३ साली त्या गावाने बेकरच्या वंशजांना बोलावून रीतसर माफी मागितली.

आता मेडिकल कॅम्प. हे माझं क्षेत्र, म्हणून जास्त बोलणार.

पहिल्या खेपेला आम्ही दोन सुटकेसभर औषधं नेली. दोन दिवस चर्चच्या हॉलमध्ये टेबलं लावली, दोनशेच्या वर माणसं आली. आम्ही खूश. प्रत्येकाचं बीपी, प्रत्येकाची शुगर, हातात काहीतरी पुडी. एका साठीच्या मावशींचं बीपी १८०च्या वर होतं. त्यांना मी अ‍ॅम्लोडिपिनच्या तीन पट्ट्या दिल्या, तीस दिवसांच्या. दुसऱ्या वर्षी गेले तर मावशींचं तोंड एका बाजूला वाकलेलं. आमच्या पट्ट्या महिन्यात संपल्या होत्या. नर्सिंग स्टेशनमधून मिळणाऱ्या गोळ्यांची पाकिटं फडताळात तशीच पडून. का, तर परदेशातून आलेली गोळी भारी, ती घेऊन झाली, म्हणजे आजार गेला. तिथल्या नर्सने मला ते फडताळ उघडून दाखवलं. बोलली काहीच नाही. ती त्या भागातली सगळी गावं सांभाळते, बोटीने, पायी. त्या मावशींना नियमित गोळ्या लावायला तिला तीन वर्षं लागली होती, आणि मी ते एका दुपारी उधळून दिलं.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे की औषध एकही न्यायचं नाही. फिजीत सरकारी दवाखाने आहेत, गावागणिक ‘नासी नि कोरो’ म्हणजे आरोग्यसेविका आहे, आपल्या आशाताईंसारखी. जायच्या चार-पाच महिने आधी त्या भागाच्या नर्सला यजमानांमार्फत विचारायचं, तुम्हाला काय करून हवंय? शिवाय परदेशी डॉक्टर-नर्सना तिथे रुग्ण तपासायचे तर तिथल्या कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. पर्यटक म्हणून उतरून टेबल मांडता येत नाही. चर्चच्या कामासाठी कोणता परवाना लागेल तेही यजमानांकडून इमिग्रेशनला लेखी विचारून घ्या. ‘सगळे असंच जातात’ हे उत्तर धरू नका.

आमच्या नर्सबाईंनी काय मागितलं? पाय. मधुमेह तिथे फार आहे आणि जखम चिघळून पाय कापायची वेळ येणं इस्पितळांत नेहमीचं. तिला एकटीला प्रत्येकाचे पाय बघायला वेळ नाही. म्हणून आम्ही तिच्या रजिस्टरमधली नावं घेऊन घरोघर गेलो. कोमट पाण्याचं घमेलं, साबण, स्वच्छ फडकं. पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांत पुसून कोरडे करायचे, उजेडाकडे तळवा धरून बघायचं, नखं सरळ कापायची. एका मच्छीमार काकांच्या टाचेखाली प्रवाळाचं बोटाच्या पेराएवढं टोक रुतलेलं होतं, आजूबाजूचं मांस पांढरं पडलेलं. त्यांना पत्ताच नाही, कारण पायाला स्पर्शच कळत नव्हता. नर्सने त्याच दिवशी त्यांना ट्रकमधून इस्पितळात धाडलं. हे करायला एमबीबीएस लागत नाही. तुमचे इंजिनिअर आणि बीकॉमवालेही करू शकतात, आणि येशूने शिष्यांचे पाय धुतले तो योहानाचा तेरावा अध्याय वाचलेल्या माणसाला मी वेगळं काही सांगायला नको.

दुसरी गोष्ट चष्मे. वाचायचे साधे तयार चष्मे, दीड, दोन, अडीच नंबरचे, शंभरेक न्या. नर्सला आधी विचारून मगच. ह्याला पुढे गोळी लागत नाही, फॉलोअप लागत नाही. वोईवोईच्या, म्हणजे आपल्या केवड्याच्या जातीच्या, पानांच्या पट्ट्यांनी चटई विणणाऱ्या एका आजींना दोन नंबरचा लावला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. मांडीवरची अर्धी चटई उचलून नाकाजवळ नेली, बोटाने दोन ओळी मागे गेल्या, आणि चुकलेली एक पट्टी उसवायला लागल्या. चष्म्याचे आभार त्यांनी संध्याकाळी मानले, आधी चटई.

मुलांच्या व्हीबीएसबद्दल फार नाही बोलत. तिथल्या संडे स्कूलच्या बाईंना मदतनीस म्हणून जा, तुमचा कार्यक्रम लादू नका. बाहुल्यांचा खेळ, इंग्रजी कृतिगीतं सगळं झालंय त्यांचं. पोरं चार सुरांत, पेटीशिवाय, असं गातात की आपल्या क्वायरने खाली मान घालावी. आम्ही पहिल्यांदा गिटारवर इंग्रजी कोरस म्हटले. म्हाताऱ्या तलातलांनी विचारलं, तुमच्या भाषेत गाणी नाहीत का? तेव्हा आमच्यातल्या एका भाऊंनी खड्या आवाजात नारायण वामन टिळकांचा एक अभंग धरला, आम्ही टाळ्या. दुसऱ्या कडव्याला सगळा हॉल त्या ठेक्यात टाळ्या देत होता. टाळ, एक ढोलकी आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक न्या. गिटार घरी ठेवा.

लशी. गोवराचे दोन डोस झालेत का ते प्रत्येकाने कागद काढून बघा, आठवणीवर नको. १८७५मध्ये दाकोम्बाऊ सिडनीहून ‘डायडो’ जहाजातून परतला, सोबत गोवर आला आणि सुमारे चाळीस हजार फिजीयन मेले, चार-पाच जणांत एक. जुनी गोष्ट वाटत असेल तर २०१९ घ्या: शेजारच्या सामोआत गोवराने ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची बाळं. गोवर पाहुण्याच्या अंगाने येतो. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताचीही घ्या. मलेरिया फिजीत नाही, डेंग्यू आहे. पाणी उकळून प्या. पाण्यात उतरताना पायात बूट हवेतच, प्रवाळाचं खरचटणं दोन दिवसांत पिकतं.

कपड्यांचं आपलं बरं आहे. मुलींनी सलवार-कुडता, ओढणी. खांदे आणि गुडघे झाकले की झालं. मुलांनी हाफ पँट सोडून सुलु घ्यावा, बाजारात मिळतो. जेवणात टॅपिओका आणि दालो, म्हणजे अळकुड्यांचाच मोठा भाऊ. अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून वाफवलेलं पालुसामी खाऊन आमच्यातल्या कोकणातल्या सूनबाई रडायच्या बाकी राहिल्या. शाकाहारी कुणी असेल तर आधी कळवा, कारण त्यात बरेचदा डब्यातलं बीफ असतं. आणि कुणाच्या घरातल्या वस्तूचं फार कौतुक करू नका, ती तुमच्या हातात ठेवली जाईल. नाही म्हणता येत नाही.

आता मेळघाटचा प्रश्न. वडीलधारे चुकीचं बोलत नाहीत. चौदा तिकिटांच्या पैशात त्या गावाला पावसाच्या पाण्याच्या कितीतरी टाक्या बसतील, आणि मेळघाटातही बरंच होईल. ‘आम्ही मदत करायला चाललोय’ हे कारण दिलंत तर हिशेबात तुम्ही हरणारच. मी सरळ सांगते: हा प्रवास तुमच्या शिक्षणाचा आहे, त्याचा खर्च तुम्ही स्वतः करा. मंडळीच्या पेटीतून एक रुपया तिकिटाला घेऊ नका. आणि माणशी तिकिटाच्या दहाव्या हिश्शाइतके पैसे वेगळे काढून, गावाने जे सांगितलं असेल त्यासाठी, तुरांगा नि कोरोंच्या म्हणजे गावप्रमुखाच्या हातात सगळ्यांसमोर द्या. कुणा एका ओळखीच्या घरी गुपचूप देऊ नका. आम्ही ते केलं होतं. त्या घराशी गाव वर्षभर बोलत नव्हतं. चौदाच्या ऐवजी आठच गेलात तर आणखी उत्तम. चौदा पाहुण्यांना झोपायला दिलेल्या चटया कुणाच्या तरी पाठीखालून काढलेल्या असतात.

निघायच्या आदल्या रात्री इ तताऊ करायचा, जाण्याची परवानगी मागणं. त्याला पुन्हा यंगोनाची जुडी लागते, म्हणून येतानाच दोन घेऊन ठेवा. शेवटच्या दिवशी गावात मिळेलच असं नाही, आणि ज्यांनी तुम्हाला बारा दिवस जेवू घातलं त्यांच्याचकडून विकत घेऊन त्यांनाच देणं बरं दिसत नाही. ते तुम्हाला चटया देतील, दालो देतील, पिशवीभर ओला नारळ देतील. चटया आणा, वाळलेल्या आणि झटकलेल्या असू द्या, विमानतळावर जाहीर करा. दालो तिथेच, ट्रकच्या ड्रायव्हरला द्या.